हरवण्याचा तास

आमच्या शाळेत शनिवारी हरवण्याचा तास असायचा. आता कोणाला हे सांगितलं की समोरच्याला वाटतं, म्हातारीची जीभ घसरली, हिला हस्तव्यवसायाचा तास म्हणायचं असणार. सूनबाई तर मागे चक्क हसली. पण तो तास होता. तो माझ्या वडिलांनी सुरू केला होता. त्यांना आम्ही घरात नाना म्हणायचो. सुरगाण्याच्या पलीकडे, गुजरातच्या अंगाला, डोंगरातल्या एका आश्रमशाळेवर ते गुरुजी होते. माझं नाशिकमधलं बालपण मला फारसं आठवत नाही. आठवते ती कॉलनीतल्या नळावरची भांडणं आणि विहारातून येणारा संध्याकाळच्या वंदनेचा आवाज. नानांची बदली झाली आणि आम्ही ट्रकमध्ये सामानावर बसून डोंगर चढलो, तिथून माझी खरी आठवण सुरू होते.

शाळेच्या मागे दोन खोल्यांचं घर मिळालं होतं. भिंती कुडाच्या, वर कौलं. भिंतीला कान लावला की आतल्या कारवीच्या काड्यांमध्ये भुंगा गुणगुणत असलेला ऐकू यायचा. शाळेची घंटा म्हणजे आंब्याच्या फांदीला टांगलेला रुळाचा तुकडा. ती वाजली की तिचा आवाज समोरच्या डोंगरावर जाऊन परत यायचा, आणि मला बरेच दिवस वाटायचं की तिकडेही एक शाळा आहे. सकाळी वसतिगृहातली पोरं एका सुरात पाढे म्हणायची, त्या सुरावर आईची चूल पेटायची. आई नाशकात वाढलेली. तिला नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी जमेना. थापताना कडा फाटायच्या, तव्यावर टाकली की दोन तुकडे. शेजारच्या पाड्यावरची जनी एक दिवस दारात उभी राहून ते बघत होती. ती आत आली, पिठात कढत पाणी ओतलं, पळसाच्या पानावर भाकरी थापली आणि पानासकट तव्यावर उलटी केली. त्या भाकरीला पानाच्या शिरांचे ठसे उमटले होते. खुरासणीच्या चटणीबरोबर आम्ही ती खाल्ली. पुढे आईलाही ती जमायला लागली. पण पहिल्या दिवशीची चव मी पन्नास वर्षं शोधते आहे. नाशकात आता नागलीचं पीठ पिशवीतून मिळतं. मी आणते, कढत पाणी घालते, भाकरी चांगली होते. ती चव मात्र त्यात नसते.

जनीची मुलगी हिरा माझ्या वर्गात होती. तिला सगळे हिरी म्हणायचे. ती पाड्यावरून शाळेत यायची, शाळा सुटली की शेळ्या घेऊन रानात जायची. माझ्यापेक्षा बुटकी, पण चालायला लागली की मला पळावं लागायचं. तिनं मला मोहाची फुलं कशी चोखायची ते शिकवलं आणि मी तिला इंग्रजी आकडे शिकवले. आईला रानाची भीती वाटायची. वाघ आहे, साप आहे, असं ती म्हणायची. तिथं बिबट्यालाही वाघच म्हणत. त्यामुळे आमची मैत्री शाळेच्या कुंपणापर्यंत. हिरी शेळ्या घेऊन वर गेली की मी कुंपणाला टेकून तिची हाक ऐकत राहायची. तिची एक लांबलचक हाक होती, शेळ्यांसाठी. ती डोंगरात वर वर जाऊन विरून जाई.

हरवण्याच्या तासाचं कारण वसतिगृहातली लहान पोरं. लांबलांबच्या पाड्यांवरून आलेली, आईबापांना सोडून कधी न राहिलेली. एखाद्याला घर आठवलं की तो संध्याकाळच्या जेवणाआधी गुपचूप निघायचा. घर कुठल्या दिशेला एवढंच त्याला ठाऊक, वाट ठाऊक नाही. एकदा असाच एक पोरगा दोन डोंगरांपलीकडे दुसऱ्याच गावात निघाला. तो सापडला तेव्हा त्याच्यात बोलायचंही त्राण नव्हतं. त्याला आणल्यावर शाळेत चर्चा झाली की कुंपण उंच करू, दाराला कुलूप लावू. नाना म्हणाले, "कुलूप लावा. पण पळणारा पळणारच. त्याला पळाल्यावर काय करायचं ते तरी शिकवू."

आणि मग शनिवारी सकाळची शाळा सुटली की नाना सगळ्यांना घेऊन शाळेमागच्या रानात जायचे. पोरं आधी खूप हसली. पाड्यावरची पोरं म्हणाली, गुरुजी, आपल्याच रानात कोण हरवतं? नाना म्हणायचे, "जो हसतो ना, तोच." त्यांचं शिकवणं साधं होतं. वाट चुकली असं कळलं की चालणं बंद. जवळचं मोठ्यात मोठं झाड बघायचं, त्याच्या बुंध्याला पाठ लावून बसायचं आणि ते झाड सोडायचं नाही. "तुम्ही चालत राहिलात तर शोधणारा कुठं कुठं फिरेल? तुम्ही एका जागी, म्हणजे त्याचं काम निम्मं." अंगावरचा टॉवेल, फडकं, रिबीन जे असेल ते उंच फांदीला बांधायचं. ओरडून घसा सुकवायचा नाही, दगडावर दगड आपटायचा, थांबायचं, कान द्यायचा. ओळख नसलेलं फळ तोंडात घालायचं नाही. दिवस बुडाला तर वाळका पाला गोळा करून त्यात अंग झाकायचं, आणि अंधारात ओढ्याच्या अंगाला उतरायचं नाही. आणि कोणी हाक मारली की ओ द्यायची.

मग सराव. नाना एकेकाला झाडाखाली बसवून यायचे आणि बाकीच्यांनी त्याला शोधायचं. माझी पाळी आली तेव्हा मी एका जुन्या सादड्याच्या झाडाखाली बसले होते. नानांची पाठ झाडीत दिसेनाशी झाली आणि रान एकदम मोठं झालं. वाळका पाला एवढा वाजतो हे मला माहीत नव्हतं. मुंगी चालली तरी ऐकू येईल इतकी मी कान देऊन बसले होते. सगळं खोटं आहे, नाना पलीकडेच आहेत, हे कळत असूनही डोळे भरून आले. मग लांबून पोरांच्या हाका आल्या, "विशेऽ, विशाखाऽ!" नंतर जवळून आल्या. आणि हिरीच पहिली झुडपातून आली. दोन्ही हात कमरेवर ठेवून म्हणाली, "घावली!" तेव्हा छातीत जे काही झालं त्याला मी अजून नाव देऊ शकलेले नाही. आयुष्यात पुढे माझं कौतुक झालं, लग्न झालं, मुलं झाली. पण कोणीतरी आपल्याला शोधत शोधत आपल्यापर्यंत आलं, हे सुख पुन्हा तसं वाट्याला आलं नाही.

उन्हाळा लागायच्या आधीची गोष्ट. मोहाचा बहर सुरू झाला होता, आणि रानात सकाळ-संध्याकाळ तो गोड, जड वास भरून राहिलेला. रविवार होता. ऊन कलल्यावर हिरीचा बाप सोमा आमच्या दारात आला. उंच, काटक माणूस. हातात नेहमी सागाची काठी. आत यायला सांगितलं तरी आला नाही.

"गुरुजी, हिरी हिकडं आली का?"

"नाही रे. काय झालं?"

"शेळ्या एकल्याच घरी आल्या. त्यात एक कमी आहा. पोर नाय."

नाना चपला न घालताच उठले. रूळ वाजवला गेला, पाड्यावरची माणसं जमली. गेल्या आठवड्यात वाघानं वरच्या पाड्यावर कुत्रं नेलं होतं. सगळ्यांच्या मनात तेच होतं. जनी पदराचं टोक तोंडात धरून उभी होती. माणसं निघाली तेव्हा आई एकदम म्हणाली, "मी येते." नानांनी तिच्याकडे पाहिलं. ती कधी कुंपणापलीकडे गेली नव्हती. "जनी चाललीय ना? मग मीही येते. आणि विशूला घेते, हिरीच्या जागा हिला माहीत असतील." मला हिरीच्या जागा माहीत नव्हत्या, फक्त तिच्या तोंडून ऐकलेल्या. पण मी पुढं होऊन आईचा हात धरला. 

आम्ही चढत गेलो. सगळे हाका मारत होते. सोमाचा आवाज सगळ्यांच्या वर. टेकाडाच्या माथ्याखाली एक मोठं मोहाचं झाड होतं, तिथं पुढे गेलेला एकजण ओरडला. आम्ही धावत पोचलो. फांदीला हिरीची लाल रिबीन बांधलेली होती. ती रिबीन मीच तिला दिलेली. बुंध्याशी पाला दबलेला, कोणीतरी बराच वेळ बसून गेल्यासारखा. पण हिरी नव्हती.

नाना त्या रिबिनीकडे बघत उभे राहिले. "शिकवलेलं सगळं केलंय तिनं. झाड धरलं, खूण बांधली. मग झाड सोडलं का? ओ का देत नाही?" त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. काही माणसं ओढ्याच्या बाजूला उतरू लागली. ऊन झाडांच्या शेंड्यांवर गेलं होतं.

सोमा काठी झाडाच्या बुंध्यावर आपटत ओरडला, "हिरेऽ! निघ भायेर! शेळी घालवली आणि वर लपून बसती? हाती लागू दे, तंगडी मोडतो तुझी!"

आईनं माझा हात दाबला. "विशू, हिरी तुला काही बोलली होती? बापाबद्दल?"

मी सांगितलं. मागच्या पावसाळ्यात एक करडू हरवलं होतं तेव्हा सोमानं तिला याच काठीनं मारलं होतं. तिनं मला पोटरीवरचा वण दाखवला होता आणि म्हणाली होती, पुन्हा शेळी हरवली तर मी घरीच नाय जायची.

आई तशी कोणाशी वर मान करून बोलणारी नव्हती. परक्या पुरुषाशी तर नाहीच. ती सरळ सोमासमोर जाऊन उभी राहिली.

"सोमाभाऊ, ती इथंच आहे. ती तुमचा आवाज ऐकतेय आणि म्हणूनच येत नाहीये."

"मंग काय करू? पाया पडू तिच्या?"

"काठी टाका."

"बाई, तुमाला काय ठावं, शेळी गेली ती. गाभण होती."

"ती गेली. पोरगी अजून गेली नाही. काठी टाका आधी."

सगळे थांबले होते. नाना मध्ये पडले नाहीत. ते फक्त हळू आवाजात म्हणाले, "सोमा, मी लहानपणी गोदेच्या घाटावर गर्दीत चुकलो होतो. पोलिसानं घरी आणून सोडलं, तर बापानं दारातच मारलं. नंतर जवळ घेतलं असेल, मला आठवत नाही. मार आठवतो." मला हे माहीत नव्हतं. आईला माहीत असावं, कारण तिनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

सोमानं काठी टाकली. ती उतारावरून घरंगळत गेली आणि पाल्यात अडकली.

मग आईनं सगळ्यांना गप्प बसायला सांगितलं आणि स्वतः हाक मारली. तिचा आवाज बारीक, वंदनेत शेवटच्या ओळीत बसून म्हणणारीचा. "हिरा, बाळ, मी विशूची आई. शेळी नाही सापडली तरी चालेल. तुला कोणी मारणार नाही." रान तसंच. कुठंतरी रातवा पक्षी ओरडायला लागला. आई सोमाकडे वळली. "माझ्यानं नाही होणार. तुम्हीच बोला."

सोमा पुढं झाला. त्या माणसाला आपल्याच पोरीशी मऊ कसं बोलावं हे आठवत नसावं. पहिल्यांदा नुसताच आवाज निघाला, शब्द नाही. मग म्हणाला, "हिरे." जरा थांबून पुन्हा, "हिरे, ये गं बाय. शेळी जाऊ दे. मरू दे ती शेळी. तू ये." आणि तो मोठ्यानं रडायला लागला.

कारवीच्या दाटीत पाला वाजला. आमच्यापासून अगदी जवळ, एखाद्या अंगणाच्या अंतरावर. आम्ही सगळे तिच्या इतके जवळ उभे राहून ओरडत होतो! हिरी रांगत बाहेर आली. केसांत पाला, गुडघे सोललेले, ओठ कोरडे. ती माझ्याकडे आली नाही, आईकडे गेली नाही, सरळ बापासमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बा, नाय घावली. लय शोधली."

सोमाचा हात वर गेला. सवयीनंच गेला असेल. जनी ओरडली, मी डोळे मिटले. उघडले तेव्हा हात हवेतच होता. त्या हाताचं काय करायचं हे त्याला कळत नव्हतं. मग त्यानं तो हळूच खाली आणला आणि हिरीच्या केसांतला पाला काढायला लागला. एक एक पान काढून बाजूला टाकत राहिला.  खाली उतरताना तिला त्यानं खांद्यावर घेतलं, आणि जनी मागून नुसती तिचा पाय धरून चालत होती.

शेळी कधीच मिळाली नाही. त्या दिवशी उतरताना आई दोनदा घसरली, काट्यांनी तिचं लुगडं फाटलं आणि घरी आल्यावर ती चुलीपाशी बसली ती उठलीच नाही, नानांनीच भात टाकला. जेवताना ते म्हणाले, "मी सगळं शिकवलं. शेवटची गोष्ट चुकीच्या माणसांना शिकवली. ओ द्यावीशी वाटेल अशी हाक आधी आईबापांना शिकवायला हवी होती." पुढच्या शनिवारी त्यांनी पोरांना सुट्टी दिली आणि आईबापांना बोलावलं. निम्मेच आले. पुरुष आंब्याखाली उकिडवे बसले, बाया लांब. नाना म्हणाले, सापडलेल्या पोराला आधी पाणी द्यायचं, मग भाकरी, बोलायचं ते दुसऱ्या दिवशी. काहीजण हसले. मार दिला नाही तर पोर शिकेल कसं, असं एक म्हातारा म्हणाला. तेव्हा सोमा उठला. त्याला भाषण येत नव्हतं. "माझी पोर माझ्याजवळ होती," तो म्हणाला, "मी हाक मारत होतो आणि ती भ्यायची. वाघाला नाय भ्याली. मला भ्याली." एवढं बोलून तो खाली बसला. पुढं सगळीच माणसं बदलली असं नाही. सोमाचा हातही पुढं कधी उठलाच नसेल असं मी छातीठोक सांगू शकत नाही. पण आम्ही तिथं होतो तोवर हिरीच्या अंगावर मला नवा वण दिसला नाही.

मी सातवीत जाताना नानांची पुन्हा बदली झाली. निघताना जनीनं आईला नागलीचं पीठ बांधून दिलं. हिरी जीपच्या मागं वळणापर्यंत पळत आली, आणि मग धुळीमुळे दिसेनाशी झाली. पुढं तिच्या लग्नाचं ऐकलं, गुजरातेत दिली म्हणून. नाना गेले, काही वर्षांनी आईही गेली. आई आजारपणात एकदा मध्येच म्हणाली होती, "त्या पोरीचे ओठ किती सुकले होते गं." कुठली पोरगी हे मी विचारलं नाही.

मी शिक्षिका झाले आणि काही वर्षं दिंडोरीला होते. तिथं तेव्हा द्राक्षाच्या बागा वाढत होत्या, आणि थंडीत सुरगाण्याकडून माणसं जीपा भरभरून कामाला उतरायची. बागांच्या कडेला त्यांच्या ताडपत्रीच्या खोपी पडत. त्यांची बोली कानावर आली की मी रस्त्यात थांबायची. बायांचे चेहरे बघत राहायची. हिरी आता कशी दिसत असेल याचा मला काहीच अंदाज नव्हता, तरी बघायची. आणि एका संध्याकाळी शाळेतून येताना बागेच्या बांधावर एक म्हातारा बसलेला दिसला. उंच, वाकलेला. मी जवळ जाऊन नाव विचारलं. सोमाच तो. नानांचं विचारलं, आईचं विचारलं, दोघंही नाहीत म्हटल्यावर त्यानं डोक्याचं फडकं काढून मांडीवर ठेवलं. मग म्हणाला, "हिरी हाय इथं. वणीच्या अंगाला, दुसऱ्या बागेत. आज निरोप धाडतो. उद्या ये, दावतो."

त्या रात्री मला धड झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी शाळा सुटताच मी गेले. पिशवीत एक साडी आणि पोरांसाठी खाऊ होता. बांधावर कोणी नव्हतं. खोपी उतरवलेल्या, चुलीचे दगड तेवढे काळे होऊन पडलेले. बागेचा रखवालदार पाणी भरत होता.

"बाई, ती मानसं सकाळीच गेली, वणीच्या बागेतलीबी. तोडणी उरकली, जीप आली. होळी जवळ आली ना, थांबत नाय मग कोनी."

मी तिथंच उभी राहिले. त्यानं हातातला पाइप खाली ठेवला.

"तुमी मास्तरीण ना? काल सांजच्याला एक बाई आलती, कडेवर पोर घेऊन. सोमा म्हणला, अगं ती उद्या येनार हाय, तरी बसली आपली. सारखं तुमचंच विचारत होती. जाड झाली का बारीक, केस लांब हायेत का, आवाज कसा हाय. मी म्हणलं, बाई, मी काय मास्तरणीला रोज बघत नाय. पण सांगितलं मला जे ठावं ते. लय हसत होती."

"आणि ती?" मी विचारलं. "ती कशी दिसते?"

त्यानं आठवून बघितलं. खरंच मनापासून आठवून बघितलं.

"नाय सांगता येनार, बाई," तो म्हणाला. "अंधार पडला होता."